घंटांच्या वाटेने

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची मुले मातीचा किल्ला करतात. अंगण असेल तर अंगणात, नसेल तर जिन्याखाली. दगड रचायचे, त्यावर चिखलाने भिजवलेले गोणपाट टाकायचे, हळीव-मोहरी पेरायची, वर महाराजांना सिंहासनावर बसवायचे आणि बुरुजाबुरुजावर मावळे ठेवायचे. कॅलिफोर्नियातल्या चौथीच्या मुलांचाही कित्येक वर्षे असाच एक किल्ला असे. तो म्हणजे 'मिशन'. साखरेच्या चौकोनी वड्यांच्या किंवा पुठ्ठ्याच्या भिंती, लाल रंगवलेल्या मकरोनीची कौले, एक मनोरा, त्यात घंटा आणि अंगणात झगा घातलेला पाद्री. आई-वडिलांनी रात्री जागून हे मॉडेल पुरे करायचे आणि मुलाने सकाळी ते सांभाळून शाळेत न्यायचे, ही तिथल्या घराघरातली गोष्ट.

माझी नात यंदा चौथीत आहे. मुलगा आणि सून सॅन होजेला राहतात आणि आम्ही दोघे काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. साखरेच्या वड्या आणायच्या का, असे मी सुनेला विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाही आई, आता ते बंद होत चाललंय." २०१६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने इतिहासाच्या अभ्यासक्रमाचा नवा आराखडा केला. अशी मॉडेले करून मुलांना त्या काळाविषयी फारसे काही कळत नाही, तेव्हा त्यापेक्षा मिशनमध्ये राहणाऱ्या माणसांविषयी शिकवावे, असे त्यात सुचवले आहे. नातीच्या बाईंनी गृहपाठ दिला होता तो असा : मिशनमध्ये राहणाऱ्या, तुमच्याच वयाच्या मुलाचा किंवा मुलीचा एक दिवस लिहा.

वसंताची सुट्टी लागणार होती. मुलाने चार दिवसांची रजा टाकली आणि सांता बार्बरापर्यंत जाऊन येण्याचा बेत ठरवला. वाटेत चार मिशने पाहायची. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे गृहपाठाची जबाबदारी आपोआपच माझ्याकडे आली. सुनेने धपाटे आणि दाण्याची चटणी बांधून घेतली आणि आम्ही निघालो.

एकवीस मिशने

आधी थोडा इतिहास सांगायला हवा. मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता, पण त्याच्या उत्तरेचा कॅलिफोर्नियाचा किनारा नुसता नकाशावर स्पॅनिश होता. उत्तरेकडून रशियन येतील, समुद्रावरून इंग्रज येतील, ही धास्ती होती. मुलूख राखायला माणसे हवीत आणि स्पेनमधून तर माणसे यायला तयार नाहीत. तेव्हा तिथल्याच रहिवाशांना ख्रिस्ती करावे, शेती शिकवावी आणि त्यांनाच राजाची प्रजा करून टाकावे, अशी योजना निघाली. राजाकडून सैनिक आणि फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री, असे दोघे बरोबरच आले. हुनिपेरो सेरा हे या पाद्र्यांचे प्रमुख. १७६९ मध्ये सॅन दिएगोला पहिले मिशन उभे राहिले आणि १८२३ मध्ये सोनोमाला एकविसावे. सुमारे एक हजार किलोमीटरच्या पट्ट्यातली ही मिशने जोडणाऱ्या वाटेला 'एल कामिनो रेआल', म्हणजे राजमार्ग, म्हणतात.

आजचा १०१ क्रमांकाचा महामार्ग बराचसा त्याच वाटेने जातो. रस्त्याच्या कडेला वाकड्या मानेच्या लोखंडी खांबाला टांगलेली घंटा मधूनमधून दिसते. तिकडे या घंटा जुन्या काळच्या असतील असे आम्हाला वाटले होते, पण त्या १९०६ पासून लावलेल्या आहेत. मोटारी आल्या, प्रवासी हिंडू लागले, त्यांना वाट दाखवण्यासाठी ही युक्ती. मार्च अखेरच्या त्या दिवसांत टेकड्या हिरव्यागार होत्या आणि त्यांवर मोहरी पिवळीधमक फुलली होती. पाद्र्यांनी परतीची वाट सापडावी म्हणून जाता जाता मोहरीचे दाणे टाकले, अशी दंतकथा आहे. मोहरी मूळची इथली नव्हे, एवढे मात्र खरे. तीही बाहेरूनच आली.

घंटा मोजण्याचा खेळ नातीने सुरू केला. ह्यांना एकदम आपल्याकडच्या घंटा आठवल्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळादेवळात टांगल्या. भीमाशंकरची घंटा आपण सगळ्यांनी वाजवलेली असते. ती कुणासाठी ओतली होती आणि कुणाला हाक मारत होती, हा विचार वाजवताना कुणाच्या मनात येतो? माझ्या तरी कधी आला नव्हता.

फरशीवरचे ठसे

सॅन होजेपासून तासाभरावर सान हुआन बाउतिस्ता हे छोटेसे गाव आहे. १७९७ मध्ये इथे पंधरावे मिशन स्थापन झाले. समोर हिरवळीचा चौक, एका बाजूला कमानींची लांबलचक ओसरी, जाड पांढऱ्या भिंती. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' या १९५८ च्या चित्रपटातला चर्चचा प्रसंग इथलाच, पण त्यात दिसणारा उंच मनोरा मात्र स्टुडिओची करामत आहे. चर्चच्या दाराशी माझा हात सवयीने चपलेकडे गेला. सून हसून म्हणाली, "आई, इथे काढायच्या नसतात."

आत गारवा होता. कच्च्या विटांच्या भिंती इतक्या जाड की बाहेरचे ऊन आत पोहोचतच नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात शिरल्यासारखे वाटले. पायाखाली भाजलेल्या मातीच्या फरश्या आणि त्यांतल्या काहींवर प्राण्यांच्या पावलांचे ठसे! ओल्या फरश्या उन्हात वाळत घातलेल्या असताना कुठले तरी जनावर त्यांवरून चालत गेले असणार. नात गुडघ्यांवर बसून एकेका ठशावर बोट फिरवत होती. चर्चच्या दाराला खाली मांजरापुरते एक गोल भोक ठेवले आहे. उंदरांचा बंदोबस्त करायला मांजराला रात्रीही आत जाता यावे म्हणून. तेही तिला दाखवले.

"आजी, ह्या फरश्या कोणी केल्या?"

"इथल्या लोकांनी. मुत्सुन म्हणून लोक होते."

"त्यांची नावं कुठे लिहिली आहेत?"

चर्चच्या उत्तरेला भिंतीलगत दफनभूमी आहे. तिथे ऑलिव्हची जुनी झाडे आहेत. या एवढ्याशा जागेत चार हजारांहून अधिक माणसे पुरलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक तिथली मूळ रहिवासी. बहुतेकांच्या थडग्यावर दगड नाही. दोन शतकांपूर्वी असल्या लहान गावात चार हजार मृत्यू! गोवर, देवी यांसारखे रोग युरोपातून आले आणि ते अंगवळणी नसलेल्या लोकांत वणव्यासारखे पसरले. १८०६ च्या गोवराच्या साथीने तर या भागात हाहाकार केला. दाटीवाटीने एका जागी राहायला लावल्यामुळे साथी आणखीच पसरत. मिशनमध्ये जन्मलेली कितीतरी बाळे दोन-चार वर्षांचीही झाली नाहीत.

नावे मात्र आहेत. ती दगडावर नसून वह्यांमध्ये आहेत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, प्रत्येकाची नोंद पाद्री ठेवत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावे सापडतात ना, तशीच. माणसाचे गाव कोणते, आई-वडील कोण, हेही पुष्कळदा लिहिलेले असते. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाने या वह्यांतल्या नोंदी संगणकावर एकत्र केल्या आहेत. त्यांत एक लाखाहून अधिक बाप्तिस्मे आहेत आणि सुमारे ७१ हजार दफने.

याच मिशनमधल्या अरोयो दे ला कुएस्ता नावाच्या पाद्र्यांनी मुत्सुन भाषेचे शब्द आणि वाक्ये चिकाटीने लिहून ठेवली. पुढे ती भाषा बोलणारे एकेक करून संपले. असेन्सियोन सोलोर्सानो या बाईंना ती येत होती. १९३० मध्ये त्या वारल्या. त्यांच्या अखेरच्या आजारपणात हॅरिंग्टन नावाचे भाषातज्ज्ञ त्यांच्याजवळ बसून शब्द उतरवून घेत होते. आज त्या लोकांचे वंशज या कागदांवरूनच आपली भाषा पुन्हा शिकत आहेत. २०१६ मध्ये मुत्सुनचा शब्दकोशही निघाला. ज्या व्यवस्थेने भाषा बंद पाडली, तिच्यातल्याच एका माणसाच्या वहीने ती जपली. इतिहासाच्या तासाला हे कसे शिकवायचे, असा प्रश्न मला तिथेच पडला.

संत आणि शिंपले

तिथून कार्मेल. समुद्रकाठचे श्रीमंत, देखणे गाव, आणि चारही मिशनांत हेच सर्वांत सुंदर. पिवळसर दगडांचे चर्च, दर्शनी भिंतीत चांदणीच्या आकाराची खिडकी, बागेत फुलेच फुले. सेरा १७८४ मध्ये इथेच वारले. त्यांचे थडगे आतल्या वेदीसमोर आहे. पायाला जन्मभराचे दुखणे असताना हा माणूस शेकडो मैल चालला. लष्करी अधिकाऱ्यांचा जाच थांबवावा म्हणून थेट मेक्सिकोला जाऊन व्हाइसरॉयला भेटला. १७७५ मध्ये सॅन दिएगोच्या मिशनवर हल्ला होऊन एक पाद्री मारला गेला, तेव्हाही हल्लेखोरांना फाशी देऊ नका, अशी विनंती त्यांनी केली. आणि हाच माणूस, बाप मुलांना शिक्षा करतो तसे पाद्र्यांनी या लोकांना फटके मारले तर त्यात गैर काय, असेही लिहितो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये त्यांना संतपद दिले, आणि त्याच आठवड्यात कार्मेलच्या आवारातला त्यांचा पुतळा कोणी तरी पाडून त्यावर रंग ओतला. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस इथलेही पुतळे पाडण्यात आले.

बाजूच्या दफनभूमीत काही कबरींभोवती शिंपले मांडून ठेवले आहेत. आतून मोरपंखी चमकणारे, तळहाताएवढे, किनाऱ्यावरच्या लोकांच्या जिव्हाळ्याचे. नात त्यांच्यापाशी बराच वेळ उभी होती.

१७८६ मध्ये ला पेरूझ हा फ्रेंच दर्यावर्दी इथे आला होता. पाद्र्यांनी त्याचे स्वागत केले आणि तोही त्यांच्याविषयी आदराने लिहितो. पण घंटेच्या ठोक्याला उठणे, प्रार्थना, काम, जेवण, चुकल्यास फटके, हे सगळे पाहून त्याला कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या मळ्यांची आठवण झाली आणि तसे म्हणताना आपल्याला वाईट वाटते, असेही त्याने नमूद केले. म्हणजे 'त्या काळी कुणाला त्यात वावगे वाटत नव्हते' असे म्हणायची सोय उरत नाही.

रात्री हॉटेलात आमच्यात थोडा वाद झाला. मुलगा म्हणाला, "आई, ती नऊ वर्षांची आहे. सुट्टीला आलोय आपण. फुलं बघू दे, कारंजी बघू दे. हे सगळं मोठेपणी कळेलच की." ह्यांचे म्हणणे, दुसऱ्यांच्या घरातली भांडणे आपण कशाला उकरायची? मला दोघांचेही पटत होते. पण गृहपाठ तर एका मुलीचा दिवस लिहिण्याचा होता. तो फुलांवर कसा लिहायचा?

हिरकणी

तिसरे मिशन ला पुरिसिमा, लोम्पोक गावाजवळ. १८१२ च्या भूकंपात जुने पडले म्हणून ते दुसऱ्या जागी नव्याने बांधले. तेही पुढे मोडकळीस आले. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेकार तरुणांना कामाला लावून ते जुन्याच पद्धतीने, हाताने विटा पाडून, पुन्हा उभे केले. आज तो सरकारी ऐतिहासिक बाग आहे. आजूबाजूला वस्ती नाही, त्यामुळे मिशन म्हणजे नुसते चर्च नव्हे, एक मोठा कारखाना होता, हे इथे नीट कळते. माग, लोहारकाम, चरबी वितळवण्याच्या कढया, मेणबत्त्या. गाढवे आणि मेंढ्याही आहेत. लहान मुले घेऊन जायचे असेल तर चारांत हे पहिले निवडावे आणि अर्धा दिवस हातात ठेवावा.

गृहपाठाचे खरे काम इथे झाले. एका सावलीत बसून मी नातीला दिवस सांगू लागले. पहाटे घंटा. प्रार्थना. मग जवाची पेज. पुन्हा घंटा, काम. बायकांनी दळायचे, विणायचे. पुरुषांनी शेत, गुरे, विटा. दुपारी घंटा, जेवण. संध्याकाळी घंटा, प्रार्थना. सगळेच काही जबरदस्तीने आले नव्हते. कुणी कुतूहलाने आले, कुणी मण्यांसाठी, आणि पुढे स्पॅनिशांच्या गुरांनी रानातले अन्न फस्त केल्यावर कुणी भुकेपोटी. पण एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीवाचून परत जायचे नाही. गेले तर सैनिक धरून आणणार आणि फटके बसणार.

"आणि माझ्याएवढ्या मुली?"

साधारण आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या, लग्न न झालेल्या मुलींना आई-वडिलांपासून वेगळे एका इमारतीत ठेवत. रात्री बाहेरून कुलूप.

"पण रात्री आईकडे जायचं असेल तर?"

मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "हिरकणीसारखं भिंतीवरून उतरून जायचं!"

हिरकणीची गोष्ट तिला मीच सांगितली होती. रायगडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ, म्हणून ती गवळण काळोखात कडा उतरून गेली आणि महाराजांनी तिचा गौरव केला, तिच्या नावाचा बुरूज बांधला. इथे मात्र उतरून जाणारीला बुरूज नव्हता. खोटे सांगावेसे वाटत होते. नाही सांगितले.

मग मी तिला याच जागेची आणखी एक हकीकत सांगितली. फेब्रुवारी १८२४ मध्ये शेजारच्या सांता इनेस मिशनमध्ये इथल्या एका चुमाश तरुणाला फटके मारले. त्यावरून उठाव झाला. चुमाश लोकांनी ला पुरिसिमा ताब्यात घेतले आणि जवळजवळ महिनाभर राखले. १६ मार्चला माँटेरेहून सैनिक तोफ घेऊन आले. सोळा चुमाश मारले गेले आणि नंतर सात जणांना देहदंड झाला. तोवर मेक्सिको स्वतंत्र झालेला होता. १८३३ मध्ये त्याने मिशने मोडीत काढण्याचा कायदा केला. जमिनीतला वाटा मूळ रहिवाशांना मिळायचा होता, पण बहुतेक सगळी जमीन बड्या जमीनदारांच्या घशात गेली. १८४८ मध्ये अमेरिकन राज्य आले, सोने सापडले आणि त्या लोकांची आधीपेक्षाही वाईट दशा झाली. त्याबद्दल कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये.

तिचे खरे नाव

शेवटचा मुक्काम सांता बार्बरा. दोन मनोऱ्यांचे, गुलाबी छटेचे चर्च, समोर हिरवळ आणि दूर समुद्र. या मिशनला 'मिशनांची राणी' म्हणतात ते उगाच नव्हे. इथल्या दफनभूमीतल्या एका पाटीसमोर नातीने आम्हाला ओढत नेले. तिने वाचलेल्या 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' या स्कॉट ओडेल यांच्या मुलांच्या कादंबरीतली नायिका ज्या बाईवरून घेतली, ती बाई इथे पुरलेली आहे. १८३५ मध्ये सान निकोलस बेटावरच्या उरल्यासुरल्या माणसांना जहाजातून किनाऱ्यावर आणले, तेव्हा ती एकटी मागे राहिली. अठरा वर्षे ती त्या बेटावर एकटी जगली. १८५३ मध्ये तिला इथे आणले तेव्हा तिची भाषा समजणारे कुणीच सापडेना. सात आठवड्यांत ती वारली. मरताना तिचा बाप्तिस्मा केला आणि नाव ठेवले हुआना मारिया. तिचे खरे नाव कुणालाच ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर नात घंटा मोजत नव्हती. सांताक्रूझ शहराने २०२१ मध्ये आपल्या हद्दीतल्या या घंटा वंशजांच्या मागणीवरून काढून टाकल्या, हे मुलाने तिला सांगितले. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "बाबा, आपण पण बाहेरूनच आलो ना इथे?" मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो. म्हणून आधी इथे कोण होतं, ते आपल्याला माहीत असायला हवं." आदल्या रात्रीचा वाद तिथे मिटला.

तिने निबंध लिहिला. इंग्रजीत लिहिला आणि मला मराठीत सांगितला. त्यातले एक वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे : "पाद्रींनी माझं नाव मारिया ठेवलं. माझं खरं नाव मी फक्त आईच्या कानात सांगते."

मिशने पाहू नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिकडे मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी ती अवश्य पाहावीत. ती सुंदर आहेत, शांत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत आजही भक्तिभावाने प्रार्थना होते. फक्त बरोबरच्या लहान माणसाने विचारले की 'हे कोणी बांधलं', तर पाटीवरचे नाव वाचून थांबू नये. तीस वर्षे मी वर्गात 'हा किल्ला कोणी बांधला?' असे विचारत आले आणि राजाचे नाव सांगणाऱ्याला पूर्ण गुण देत आले. चुना कोणी मळला, दगड कोणी वाहिले, हे मी विचारले नाही आणि मुलांनीही सांगितले नाही.

दिवाळीला आम्ही परत आलो होतो. सोसायटीतल्या मुलांनी किल्ला केला आणि पाहायला बोलावले. छान झाला होता. मी त्यांना विचारले, "एवढे दगड वर कोणी नेले रे?" "आम्ही!" म्हणून सगळी ओरडली. मग एक जण थांबून म्हणाला, "पण खऱ्या किल्ल्यावर कोणी नेले, आजी?" मी पाथरवट, बेलदार, वडार ही नावे सांगितली. बाजारात अशी चित्रे मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिले तर पायथ्याशी, डोक्यावर दगड घेतलेला एक ओबडधोबड माणूस उभा होता. मुलांनी तो मातीचाच केला होता.